मध्यंतरात करून दिलेली ओळख

या टिपणात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: घर सांभाळण्याचा निर्णय स्त्रीने स्वतः घेतला असेल, तर तोही तिच्या स्वातंत्र्याचाच भाग असतो.

आज नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात धाकट्या बहिणीसोबत, सुधासोबत, बहिणींवरच्या एका गाजलेल्या जुन्या कादंबरीवरचा चित्रपट पाहिला. त्यात एक बहीण लेखिका होते, थोरली संसार निवडते. माझी सहानुभूती अर्थातच लेखिकेकडे होती.

मध्यंतरात कॉफी घेताना मराठी मंडळातली एक तरुणी भेटली. मी ओळख करून दिली, "ही सुधा. एके काळी रसायनशास्त्रात संशोधन करायची."

सुधा हसली. "ताई, आत्ताची ओळख करून दे की. का आत्ता मी कोणीच नाही?"

तरुणी कपात पाहू लागली. मी म्हणाले, "तू नोकरी सोडलीस, हे सत्य आहे."

"सोडली. मला मुलींबरोबर घरी राहायचं होतं म्हणून. वीस वर्षांत तू कारण एकदाही विचारलं नाहीस. निकाल मात्र देऊन मोकळी झालीस."

कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना बजावत असे, की पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, नीट ऐकल्याशिवाय खंडन करू नये. चित्रपटाच्या उत्तरार्धात माझे लक्ष पडद्यावर नव्हते.

परतताना बसमध्ये मी तिला कारण विचारले. आमचा थांबा मागे गेला, तरी ती सांगत होती आणि मी ऐकत होते.

तुमच्या घरात कोणाची ओळख 'एके काळी'पासून सुरू होते?

माझी चूक मान्य करते: सुधाला न विचारताच मी तिला वीस वर्षे पराभूत मानले.

— मालती, सुधाची ताई