विहीणबाईंची दवादारू

चुकीचं लिहिलेलं सहन न होणारं माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे आणि ते माझ्या नशिबी विहीण म्हणून आलं. पारोळ्याला राहतात. लग्नपत्रिकेत नावाचा एक काना चुकला म्हणून त्यांनी सख्ख्या भाच्याची पत्रिका परत पाठवली आणि लग्नात मात्र दोनदा जेवल्या. दारूचा तर त्यांना इतका तिटकारा की रिक्षावाल्याच्या तोंडाला वास आला तर भर उन्हात उतरून चालू लागतात. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघतात.

खापरावरचे मांडे करावेत त्यांनीच. पण गेल्या वर्षी हात थरथरू लागले, मांडा हातावरच फाटू लागला. मी त्यांना धुळ्याला आमच्याकडच्या दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर परराज्यातला, नुकता मराठी शिकलेला. त्याने विचारलं, "आजी, रोज काही घेता?" यांना बीपीच्या गोळ्या आठवल्या. म्हणाल्या, "हाव भाऊ, दवादारू चालूच शे." त्या पोराला त्यातलं 'दारू' एवढंच ओळखीचं. त्याने तेच लिहून टाकलं.

पुढच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हात दारूने थरथरतात. आधी ती सोडा, मग बघू."

"कधी धरीच नही, ते सोडू काय?"

मी म्हटलं, "विहीणबाई, चला घरी. कोण वाचतंय ते?"

"मी मरसू, पन कागद ऱ्हाई." असं म्हणून त्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. नाडी बघायला नर्स आली तर हात मागे. "आधी ते खोड, मंग नाडी देख." येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून "ये, मन्हं तोंड सुंग" म्हणत होत्या. एका म्हाताऱ्याने खरंच हुंगलं आणि म्हणाला, "लसूण शे."

शेवटी त्या तरुण डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, "आजीच म्हणाल्या, दारू." मी त्याला सांगितलं, "अरे बाबा, आमच्यात औषधपाण्याला दवादारू म्हणतात." पोरगा लाजला. लिहिलेलं पुसता येत नाही म्हणे, पण त्याने खाली लिहिलं की हे ऐकण्यात चुकलं, या बाई दारू पीत नाहीत. विहीणबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, मग हात पुढे केला. रक्त तपासलं तेव्हा थायरॉईड निघालं.

परतताना स्टँडवर मी म्हटलं, एका शब्दासाठी दिवस घालवला. त्यांचे मालक याच दवाखान्यात वारले होते, पोट फुगून.

"त्यासना कागदवर बी हाऊच शब्द व्हता," त्या म्हणाल्या. "लोके म्हनेत, कावीळ लिखी ल्या. मी नही म्हनी. खरं व्हतं ना ते."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. यंदा विहीणबाईंनी पुन्हा खापर चढवलं. पहिला मांडा फाटला. दुसरा अख्खा उतरला, तो त्यांनी मालकांच्या घागरीपाशी ठेवला.