गेझमूच्या घराची स्वारी

दोर्झे लोकांच्या डोंगरावर बांबूची घरं विणणारे पाच-सहाजण होते, पण दुसऱ्याच्या घरात खोट काढावी ती गेझमूनेच. शेजारच्या अंजुलोने हौसेने नवं घर उभं केलं, तेव्हा हा कमरेवर हात ठेवून त्याभोवती तीनदा फिरला आणि म्हणाला, "छान आहे. कोंबड्या कधी आणणार?" अंजुलोने वर्षभर अबोला धरला. गेझमूच्या ते लक्षातही आलं नाही, कारण एरवीही दोघांचं बोलणं तो एकटाच बोलत असे.

हात मात्र सोन्याचा. लग्नाच्या वेळी विणलेलं त्याचं घर चार पुरुष उंच होतं, पुढे हत्तीच्या सोंडेसारखी ओसरी. दरवर्षी वाळवी बुडखा खाई, गेझमू कुजका भाग छाटी, आणि घर जरा बुटकं होई. चाळीस वर्षांत पुरुषभर उंची गेली, पण वीण कुठे ढिली पडली नाही.

एकदा एक परदेशी वास्तुविशारद आला. चार दिवस घर मोजलं, गेझमूच्या बायकोच्या, बिझुनेशच्या हातची भाकरी मध-मिरचीशी चापली आणि गेला. दोन वर्षांनी कुणीतरी मासिक दाखवलं: कुठल्याशा श्रीमंत शहरात काचेचं हॉटेल, थेट गेझमूचं घर! खाली त्या पाहुण्याचं नाव, ठळक अक्षरात.

"जाऊ द्या हो," बिझुनेश म्हणाली. "एवढं मोठं बांधलं, चूल कुठंय त्यात?"

पण गेझमूला ते फार लागलं. म्हणून खालच्या पर्यटक-निवासाचा व्यवस्थापक तमिरात जेव्हा म्हणाला, "बाबा, घर आमच्या आवारात आणा, तुम्हीही तिथेच राहा, दारावर पाटी लावू," तेव्हा पैसे किती ते न विचारता याने विचारलं, "पाटीवर नाव असेल?"

"असेल की."

आता अख्खं घर उचलायला माणसं लागतात साठ, आणि गावात असं एक घर नव्हतं ज्याला गेझमूने नावं ठेवली नव्हती. मान खाली घालून तो दारोदार फिरला, पण कुणी हो म्हणेना. शेवटी अंजुलोकडे गेला.

"आम्ही खुराड्यातली माणसं," अंजुलो म्हणाला. "आमच्याच्याने काय उचलणार!" आणि दार लावलं.

घर हलवायच्या दिवशी, मंगळवारी सकाळी, गेझमू घरापुढे एकटाच उभा. ऊन वर आलं. मग घर उचलायला दोर बांधलेले दोन लांब बांबू खांद्यावर घेऊन अंजुलो आला आणि त्याच्यामागे सगळा गाव.

"तुझ्यासाठी नाही आलो," तो म्हणाला. "घरासाठी आलोय."

निम्मे आत शिरले, निम्मे बाहेरून लागले, आणि एकशेवीस पायांवर घर डोंगर उतरू लागलं. गेझमू पुढे उलटा चालत ओरडत होता, "डावीकडे! अरे, विणलंय ते, ओढू नका!"

घराच्या पोटातून अंजुलोचा आवाज आला, "गप्प बस, नाहीतर इथेच रस्त्यात ठेवू!"

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. तमिरातने वाचून दाखवली, "पारंपरिक दोर्झे झोपडी. बांधणारा अज्ञात."

"अज्ञात म्हणजे?"

"म्हणजे... कुणी बांधली ते माहीत नाही."

"अरे, मी इथं तुझ्यापुढे उभा आहे!"

"पाट्या शहरातून तशाच छापून येतात, बाबा. पाहुण्यांना अज्ञात आवडतो."

बिझुनेशने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

गेझमू तडक डोंगर चढला. वळणावर, त्याच्या घराच्या रिकाम्या जागेपाशी, एक मधवाला कुणा पोरीला वाट विचारत होता.

"गेझमूच्या घरावरून पुढे, मग डावीकडे," ती म्हणाली.

"पण इथे तर घरच नाही."

"आज नाहीये. पण जागा तीच."

गेझमू वळणावरच थांबला. चाळीस वर्षं सगळा गाव त्याचं नाव घेऊन रस्ता सांगत होता, आणि हा पाटी शोधायला खाली गेला होता!

तो थेट अंजुलोच्या अंगणात गेला. मग घराकडे बघून म्हणाला, "बरं आहे तुझं घर."

"कोंबड्यांना?"

"माणसांना," गेझमू म्हणाला. हे एवढं बोलताना त्याला घाम फुटला. "अंजुलो, माझं घर... परत..."

अंजुलोने कुंपणाकडे बोट दाखवलं. कालचे दोन्ही बांबू तिथेच टेकून उभे होते, दोर बांधलेले तसेच.