चुलीजवळची जागा

मी इंदूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. मध्ययुगीन युरोपातली शहरं हा माझा आवडता भाग. राजे आणि लढाया ऐकून पोरांना जांभया येतात. पण मापात पाप करणाऱ्या पाववाल्याची भर बाजारात कशी फजिती करायचे, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतून लोक नाक दाबून कसे जायचे, हे सांगितलं की मागचे बाकही मान वर करतात. त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी तासाच्या शेवटी राखून ठेवायचे. तिथली म्हातारी माणसं राहतं घर मुलाच्या नावावर करताना चक्क लेखी करार करून घेत. रोज इतका पाव, हिवाळ्यात चुलीजवळ बसायला जागा, पुढच्या दारानं ये-जा करायचा हक्क, असं सगळं त्यात असे.

"मॅम, सगे बेटे से एग्रीमेंट?" वर्ग हसायचा. मीही हसायचे. आपल्याकडे अशी वेळ येत नाही, असं एक वाक्य टाकून तास संपवायचे. ते वाक्य मला फार आवडायचं.

आई गेल्यावर बाबा सुदामा नगरच्या घरात एकटेच होते. ते घर त्यांनी माझ्या नावावर करायचं, मी ते विकून विजय नगरला मोठा फ्लॅट घ्यायचा आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं, असं ठरलं. कागद व्हायच्या आदल्या आठवड्यात जेवताना मी त्यांना वर्गातली ही गंमत सांगितली. बाबा हसले नाहीत.

"मतलब, काय-काय लिहायचे ते लोक?" त्यांनी विचारलं. मी पाव, चूल, दार सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी त्यांनी माझ्या हातात वहीचं एक पान ठेवलं. बाबा सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होते, अक्षर छापल्यासारखं. तीनच ओळी होत्या. "नव्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहील. सकाळचा चहा मी करीन. माझ्याकडे कोणी आलं तर वर येऊन बसेल, त्यासाठी विचारावं लागणार नाही." खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, मी काय उपाशी ठेवणार आहे तुम्हाला? भरोसा नाही माझ्यावर?"

"जेवण तर तू देशीलच बेटा, उसमें क्या," ते म्हणाले. "जेवणाचं लिहिलंच नाहीये न मी."

मी ऐकून घेतलं नाही. पोटच्या पोरीकडून लिहून घेणारा बाप, हे मला फार लागलं. पान तिथंच टेबलावर टाकून मी उठले. बाबांनी विषय परत काढला नाही आणि ठरल्या दिवशी कचेरीत येऊन मुकाट्यानं सह्या केल्या.

फ्लॅटमध्ये त्यांना पूर्वेची खोली दिली. नवा पलंग, एसी. बाबांना कशाची म्हणून कमी नाही, असं मी चारचौघांत सांगत फिरायचे. किल्ल्या दोनच मिळाल्या होत्या, एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे. तिसरी करून आणायची राहूनच गेली. शेगडी नवीन पद्धतीची, म्हणून "बाबा, तुम्ही हात लावू नका" असं पहिल्याच सकाळी मी सांगून टाकलं. हळूहळू बाबा "टीव्ही लावू का?" विचारायला लागले, "पंखा बंद केला तर चालेल न?" विचारायला लागले. मला वाटायचं, किती छान रुळले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी कॉलेजातून लवकर परतले. सोसायटीच्या गेटपाशी, गार्डच्या केबिनजवळच्या बाकावर बाबा बसले होते. सोबत त्यांचे सुदामा नगरचे जुने शेजारी. सत्तरी ओलांडलेला तो माणूस दोन बस बदलून आला होता. गरम वारा सुटलेला, आणि दोघांच्या हातात टपरीवरच्या चहाचे कागदी कप. "काका, वर चला न," मी म्हटलं. ते घाईघाईनं उठले. "नाही नाही, निघतोच आता."

ते गेल्यावर गार्ड कौतुकानं म्हणाला, "बाबूजी के सब मेहमान यहीं बैठते हैं मैडम. कहते हैं, ऊपर बिटिया को क्यों तकलीफ देना."

सब. म्हणजे किती जण येऊन गेले, मला ठाऊकच नव्हतं. इतकी लाज वाटली की लिफ्टमध्ये बाबांकडे मान वर करून बघता येईना.

त्याच संध्याकाळी मी तिसरी किल्ली करून आणली. त्या तीन ओळी मला पाठ होत्या. कोऱ्या कागदावर त्या लिहिल्या, खाली सही केली आणि किल्लीसकट कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पूर्वी नकाशे तपासायचे तसा तो सावकाश, सहीपर्यंत वाचला.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. "पण ते लोक घर देण्याच्या आधी लिहून घ्यायचे न, बेटा?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. मी हो म्हटलं.