जमीन बसल्याशिवाय

दणकाकाका साइटवर कधी बसत नसत. पेनसिल्व्हेनियातल्या त्या जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर बाकीचे जेवायला ट्रकच्या फळीवर टेकायचे, हे मात्र पोळीची गुंडाळी उभ्यानंच खाणार. "जमीन बसली नाही अजून, मी काऊन बसू?" हे ठरलेलं उत्तर. नव्वदच्या दशकात स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठातून शिकून मी नुकतीच त्या कंपनीत काकांच्या हाताखाली इंजिनिअर म्हणून लागले होते. मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे.

दणकाकाका हे नाव मीच ठेवलेलं. खाण उकरून संपल्यावर तिच्यात दगडमातीचा भराव ढकलला होता आणि त्यावर आता गावाची शाळा होणार होती. भराव आतून भुसभुशीत. तो दाबायला क्रेन एक अवजड लोखंडी ठोकळा उंच नेऊन आदळायची, पुन्हा पुन्हा. काका हात वर करून ओरडायचे, "दणका!" त्या शब्दाशिवाय म्हातारा अमेरिकन क्रेनवाला ठोकळा सोडेनासा झाला. "वन मोर डंका, बॉस?"

"डंका नाही रे बाप्पा, दणका! डंका तुझा मॅनेजर पिटतो."

काका मूळचे चंद्रपूरकडचे, खाणीशेजारच्या वस्तीतले. "आमच्याकडे एका साहेबानं जागेवर न येता सही केली, सगळं सेफ आहे म्हणून. शेजारचं घर माणसांसकट आत गेलं," एवढंच एकदा म्हणाले. म्हणूनच रोज सकाळी ते जमीन किती खचली ते दाखवणाऱ्या खुणांची रीडिंग डोळ्यांत तेल घालून घ्यायचे. उत्तरेचा कोपरा अजून खाली जात होता.

मॅनेजरला थंडीआधी बांधकाम सुरू करायचं होतं. त्यानं मीटिंगमध्ये जागा पक्की झाल्याचा दाखला काकांच्या सहीसाठी पुढे सरकवला आणि खुर्ची दाखवली. काका उभेच. "द ग्राउंड इज नॉट सिटिंग, सर. सो आय विल नॉट सिट." सगळे खो खो हसले. इंग्रजीत जमीन बसत नाही, सेटल होते! लाजेनं मी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याची लाज मला आजही वाटते.

परतताना गाडीत मी चिडले. "काका, व्हिसा याच कंपनीचा आहे ना? निदान बसायचं तरी!"

"माझ्या आज्याला लोक बसू देत नव्हते, म्हणून तो उभा राहायचा. मी माझ्या मर्जीनं उभा आहे. फरक समजून घे, यार."

सही न केल्यानं काकांची नोकरी गेली, तिच्यामागोमाग व्हिसा. काका भारतात, नागपूरला निघाले. जाताना रीडिंगची वही माझ्या हातात दिली, उपदेश एका शब्दाचाही केला नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरनं तोच कागद माझ्यापुढे ठेवला. माझाही व्हिसा त्याच कंपनीचा. त्या सकाळी कोपरा पुन्हा खचला होता. मी खुर्चीत बसले होते, ती उठले. नीट इंग्रजी येत असूनही मुद्दाम म्हणाले, "द ग्राउंड इज नॉट सिटिंग, सर." या वेळी कोणी हसलं नाही. दोघांनी नकार दिलेल्या कागदावर सही करायला तिसरा कोणी धजेना. मॅनेजरनं झक मारत क्रेन परत बोलावली. क्रेनवाल्यानं विचारलं, तेव्हा आरोळी मी ठोकली.

पुढच्या उन्हाळ्यात खुणा हलायच्या थांबल्या. मी नागपूरला फोन लावला. "काका, बसली एकदाची!"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग आता तू पण बस, माय."