तेलाचा काटा

गायगाव मागे पडलं आणि गजेंद्रभाऊ पुन्हा सगळ्यांच्या मागे राहिले. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बावीस माणसं शेगावला पायी निघालो होतो, चालण्याचा तिसरा दिवस होता. माघ महिना असला तरी अकरानंतर डांबर तापतं. पुढे टाळ वाजत होते, बाया भजन म्हणत होत्या. मी थांबले.

"पाय दुखून राहिले का भाऊ?"

"पाय बरे हायेत, वयनी."

"मग?"

"तुमी व्हा पुढं."

मी झाले नाही. ते मागे का राहिले ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी चहाच्या वेळी डोमाजीकाका सगळ्यांसमोर बोलले होते, "शेगावाहून परतलो का गजेंद्राची व्हॅन सुरू करायची. अन् व्हॅनवर नाव टाकायचं, कैलासवासी पार्वताबाई रुग्णसेवा. पेंटरले सांगून ठुलं म्या." सगळ्यांनी हात जोडले. दोघी-तिघींनी डोळे पुसले. गजेंद्रभाऊंनी भरला कप खाली ठेवला आणि रस्त्याला लागले.

पार्वताबाई म्हणजे डोमाजीकाकांची बायको. गेल्या मे महिन्यात गेल्या. तेव्हापासून ती व्हॅन गजेंद्रभाऊंच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन पुन्हा बांधून झालं, बॅटरी चार्ज करून झाली, पण ते किल्लीला हात लावत नाहीत. तिच्यातून डायलिसिसला जाणारी चार माणसं आता एसटीनं जातात, दोन गाड्या बदलून. माझी मोठी जाऊ शकुन त्यातलीच. गुरुवारी संध्याकाळी घरी आली की ओसरीवर आडवी होते, पाणीसुद्धा मागत नाही. तिनं एकदा हात जोडून विचारलं होतं, "भाऊ, काहून नाई चालवत?" ते मान खाली घालून उभे राहिले आणि निघून गेले. गावात कोणी म्हणतं भ्यायला, कोणी म्हणतं माजला.

माजणारा माणूस तो नव्हे. वाडीवाल्यांचं घर, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि विकायचं. दहावी झाल्यावर अकोल्याच्या एका गॅरेजात आठ वर्षं राहिले, मग जुनी डिझेल व्हॅन घेऊन गावी आले. बायकोनं वाडी सांभाळायची, यांनी माल अमरावतीच्या बाजारात न्यायचा. पहाटे चारला निघायचे. पार्वताबाईंच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं, तेव्हा डोमाजीकाकांना दुसरी सोय दिसेना. पहिल्या दिवशी पार्वताबाई सांबाराच्या जुड्यांत बसून डायलिसिसला गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "अमरावतीपर्यंत नाकाले भूकच लागत होती." मग आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतून आणखी चौघं आली. मधली सीट लागली, भाजी बंद झाली. सोमवार आणि गुरुवार व्हॅन राजापेठेच्या अलीकडच्या एका ट्रस्टच्या सेंटरला जायची. पेशंट आत असेपर्यंत भाऊ बाहेर लिंबाच्या सावलीत बसायचे नाहीत, व्हॅनखाली पडलेले असायचे.

आपल्याकडचा उन्हाळा माणसाला सोसवत नाही तर इंजिनाला काय सोसवणार. पार्वताबाई जायच्या दोन वर्षं आधी, एप्रिलात बडनेऱ्याच्या गर्दीत व्हॅन थांबली की समोरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या कोणी त्या दिव्यावर काळा कागद चिकटवला असता. भाऊंना झोप येईना. "तेल तापून पान्यासारखं पातळ होते, वयनी," त्यांनी मला समजावलं होतं. "पातळ तेलाले जोर राहत नाई. जोर गेला का लोखंडावर लोखंड घासते." त्यांनी भंगारात निघालेल्या एका मोठ्या ट्रकचा ऑइल कूलर शोधून आणला. रेडिएटरच्या धाकट्या भावासारखा दिसतो. दुसऱ्याच्या मेलेल्या इंजिनाचा चुरा आत असतो म्हणून चार वेळा डिझेलनं धुतला, पाचव्यांदा पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून डिझेल गाळून पाहिलं, फडक्यावर कण दिसला नाही तेव्हाच बसवला. ट्रॅक्टरचे पाइप दाबून देणाऱ्या दुकानातून जाड पाइप करून घेतले. एका फिल्टरच्या जागी दोन फिल्टर, खाली चेसिसला प्लेट मारून. आणि समोर एक गोल मीटर, तेलाचा जोर दाखवणारा काटा. लाल दिव्याची वायर काढली आणि त्याच जागी काट्याची जोडली.

त्या काट्याचं काम पार्वताबाईंनी आपणहून घेतलं. पुढची सीट त्यांची. चष्मा लावून बसायच्या आणि दर दोन मैलांनी सांगायच्या, "तीनवर हाये रे. आता साडेतीन." मागची माणसं हसायची. त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या रक्ताले दोन दिवसाआड गाळतेत, अन् याच्या तेलाले चोवीस घंटे दोन-दोन गाळन्या! पुढच्या जन्मी मले व्हॅनच कर रे बाप्पा."

"काकू, व्हॅनले पथ्य नसते," भाऊ म्हणाले.

"म्हनूनच त म्हनतो. पोटभर पानी त पेता येईन!"

दसऱ्याला त्यांनी कूलरला हळदकुंकू वाहिलं होतं. भाऊंनी ते महिनाभर पुसलं नाही. सलग दोन उन्हाळे व्हॅन एकदाही थांबली नाही.

मे महिन्यातला तो गुरुवार गावाला जेवढा ठाऊक आहे तेवढा असा. मूर्तिजापूर सोडल्यावर, बडनेऱ्याच्या बरंच अलीकडे, इंजिन जाम होऊन बंद पडलं. सगळं तेल रस्त्यावर सांडलेलं. दुपारचे बारा, पंचेचाळीस डिग्री ऊन. दुसरी गाडी यायला अडीच तास लागले. सेंटरवर पोचेपर्यंत मशीनची पाळी गेली होती. तिघांना संध्याकाळी कसंबसं लावलं, बाकीच्यांना सकाळी बोलावलं. पार्वताबाई अमरावतीला पुतणीकडे थांबल्या. उजाडायच्या आत त्यांचा श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, काही सांगता येत नाही. डोमाजीकाका तेरवीला म्हणाले, "तिचे दिवस भरले होते. गजेंद्रानं तिले तीन वर्ष लेकासारखं नेलं-आनलं. लोखंडाचं इंजन, त्यानं तरी किती चालावं." मी तेच खरं धरून चालले होते.

गायगावापासून निंबा फाट्यापर्यंत आम्ही दोघं मागेच चाललो. दोन्हीकडे तुरी सोंगून झालेल्या, काळी वावरं उघडी. मी मनातल्या मनात नाम घेत होते. मग भाऊ एकदम म्हणाले,

"तेलाचा फिल्टर म्या आदल्या दिवशी बदलला होता, वयनी."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"फिल्टरच्या तोंडावर रबराची रिंग असते. जुना फिल्टर काढला का रिंग त्याच्यासंगं निघाले पाह्यजे. उनानं कधी-कधी ते वरच्या प्लेटलेच चिपकून राह्यते. दरवेळी मी बॅटरी मारून पाह्यतो. त्या दिवशी वाडीत मोटर सुरू होती, लाइन जायच्या आत पानी द्यायचं होतं. पाह्यलं नाई. बोटानं चाचपलं. तेलानं गुळगुळीत लागलं, म्हनलं साफ हाये. नवा फिल्टर आवळून देला. एका रिंगवर दुसरी रिंग. घरी चालू करून पाह्यलं, थेंब नाई गळला. हायवेवर जोर आला अन् सुटली."

"चूक झाली भाऊ," मी म्हणाले. "हात माणसाचाच आहे."

"हे चूकच झाली. पुढचं चूक नाई."

पुढे भजन थांबलं होतं. कोणीतरी पाण्यासाठी हाक मारत होतं. भाऊ थांबले नाहीत, पायाकडे पाहत बोलत राहिले.

"मागचे सारे डुलकीत होते. काकू जाग्या. म्हनल्या, 'अरे गजेंद्र, काटा पडला.' म्या म्हनलं, काकू, तोबी झोपला असन, उनाचा. मागच्या हप्त्यात त्याची वायर ढिली झालती. काचेले टिचकी मारली का वर यायचा. म्या टिचकी मारली. काकूनंबी मारली. मंग दुसऱ्यांदा म्हनल्या, 'नाई रे, खरंच पडला. थांब न.' मी म्हनलं, समोर ढाबा दिसून राह्यला, तिथं सावली हाये, तिथं थांबू. उनात कायले उतरवायचं पेशंटले? लाल दिवा असता त पेटला असता, तो म्याच काढला होता." त्यांनी चपलेतला खडा झटकला. "अर्धा किलोमीटर, वयनी. सावलीपर्यंत नाई पोचलो."

पुढून एक जण वळून पाहत होती. मी हातानं तिला पुढे जायची खूण केली.

"मागे पाच लिटरचा डबा भरून ठुलेला होता. तिनं म्हनलं तवाच थांबलो असतो, त रिंग काढून, तेल टाकून, अर्ध्या तासात निघालो असतो, सावकाश का होईना पोचलो असतो. तिची पाळी दीडची होती."

"पण मग पार्वताकाकू कोणाला बोलल्या कशा नाहीत? शकुन तर तिथंच होती. ती म्हणते इंजिन जुनं झालं होतं."

"ते काकूनंच सांगतलं साऱ्यायले." भाऊ म्हणाले. "बाभळीखाली लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. मागचा एक जन माह्यावर ओरडाले लागला. त्याले म्हनल्या, 'त्याले कायले बोलता? इंजन म्हतारं झालं, त्याचंबी आमच्यासारखंच हाये.' अन् माह्याकडे पाह्यलं. एकडाव पाह्यलं फक्त. मंग दुसरीकडे पाहून राह्यल्या. अडीच घंटे तिनं मले काई म्हनलं नाई."

माझ्या तोंडून जे निघालं ते आपण अशा वेळी बोलतोच.

"महाराजांच्या पायावर घाला भाऊ. संध्याकाळी दर्शन होईल. त्यांच्यापाशी बोला, ते पदरात घेतात."

"महाराजाले माहीतच असन," ते म्हणाले. "माहीत नाई ते डोमाजीकाकाले."

मग मी त्यांना अडवायला पाहिलं, हे लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, काकांचं वय चौऱ्याहत्तर. नऊ महिन्यांत त्यांनी मनाला समजावलंय की दिवस भरले होते. आता तुम्ही सांगाल की अर्ध्या तासाचा प्रश्न होता, तर ते रात्री कसे झोपतील? तुमचं मन हलकं होईल, त्यांचं जड होईल. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे ओसरीवर आडवी पडलेली शकुन होती. नाव कोणाचंही टाका, पण व्हॅन सुरू होऊ द्या, असं मला वाटत होतं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्याबी नऊ महिने हेच म्हनलं स्वतःले," ते म्हणाले. "डोमाजीकाका रोज माह्या घरी येते. गोठ्यात जाऊन ताडपत्रीवरून हात फिरवते. आपल्या वावरातली पहिली भेंडी माह्या पोरीच्या हातात देते. म्हनते, तू माहा लेक. मी 'हो' म्हनतो. खोटं बोलत नाई, फक्त सांगत नाई. पन नाव टाकतो म्हनले आज. तिनं थांब म्हनलं तरी जे गाडी थांबली नाई, तिच्यावर तिचं नाव? मी कशी चालवू ते? अन् ते पेंटरनं लिव्हल्यावर सांगतलं त काकाले वाटन, नाव नको म्हनून रडून राह्यला."

"काका काय म्हणतील?"

"मारतीन. नाई त मारनार नाईत. नाई मारलं त जास्त लागन."

निंबा फाटा आला. रस्त्याच्या कडेला मोठ्या लिंबाखाली सतरंज्या पडल्या होत्या, पत्रावळी मांडून झाल्या होत्या, कोणी मोठ्या पातेल्यातून झुणका वाढत होतं. डोमाजीकाका खोडाला टेकून बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन पायाला तेल चोळत होते. आम्हाला पाहिलं आणि त्यांनी शेजारची पत्रावळ हातानं झाकून धरली, कोणी बसू नये म्हणून.

"ये रे गजेंद्रा! कासवाची चाल झाली तुई. ये, जागा धरून ठुली म्या."

गजेंद्रभाऊ रस्त्याच्या काठावरच उभे राहिले. चप्पल काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी जवळ गेले. मला वाटलं चक्कर आली. ते हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं बोलले,

"वयनी, बोलीन मीच. तुमी काई बोलू नका. फक्त माह्यामागं उभ्या राहा. अन् म्या जेवनाचं, चालन्याचं, दुसरंच काई बोलाले सुरुवात केली, त मले तिथून उठू देऊ नका."