साडूंच्या माश्या आणि तीन खाटा

लातुरात मासे न खाणारी माणसं ढिगानं सापडतील. पण जन्मात मासा तोंडी न लावता माशाच्या आवडीनिवडीवर जीव टाकणारा माणूस सबंध मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. धंदा फोटो स्टुडिओचा. भूकंपानंतर दीड-दोन महिने ते पडलेल्या गावांतून पंचनाम्याचे फोटो काढत हिंडले. तिथं मदतीला आलेल्या एका गोऱ्या डॉक्टरानं परत जाताना त्यांना पत्र्याची चपटी डबी दिली. डबीत पिसांच्या नि रेशमाच्या, नखाएवढ्या दहा-बारा माश्या, आणि प्रत्येकीच्या पोटाखाली गळ. अक्कांना आधी ती कानातली वाटली. त्या डॉक्टराच्या देशात म्हणे असली खोटी माशी पाण्यावर नाचवून मासा धरतात आणि परत सोडून देतात. धरायचा आणि सोडायचा, हे साडूंना फार पटलं. पडलेल्या घरांचे रोल धुऊन झाल्यावर त्यांनी पहिला फोटो काढला तो त्या माशीचा, आणि पुढं दुसरं काही मनापासून काढलंच नाही.

घरातली मागची खोली त्यांनी या कामाला घेतली. माशीचा फोटो म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. कॅमेऱ्याला लेन्स उलटी लावायची, माशी टाचणीवर टोचायची, एका बाजूनं बॅटरी, तिच्यासमोर पतंगाचा कागद, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला डब्याचं झाकण. पाण्याचा हिरवा उजेड हवा असेल तर बॅटरीपुढं अक्कांची फुटकी बांगडी. धुकं हवं असेल तर अगरबत्ती. आम्ही नांदेडहून एसटीनं दमून यावं, तर हातपाय धुवायच्या आत हाक यायची, "पाव्हणं, जरा झाकण धरा." मग मी अर्धा अर्धा तास झाकण धरून उभा. खोकलो तरी माशीचं पीस हलायचं आणि साडू डोळे मिटून घ्यायचे. रागावले मात्र कधीच नाहीत.

डबीतल्या माश्या सगळ्या बाजूंनी काढून झाल्यावर ते स्वतःच माश्या बांधू लागले. कोंबड्याची पिसं खाटकाकडून, जरीचा धागा अक्कांच्या लग्नातल्या शालूचा. एकदा पांढरा केस पाहिजे म्हणून देवणीच्या बैलबाजारात गेले आणि एका उमद्या बैलाच्या शेपटीचा केस कात्रीनं कापताना मालकाच्या हाती लागले. "काय करायलेत हो तुम्ही? करणी करायलेत का माझ्या बैलावर?" माणसं जमली. साडूंनी शांतपणे खिशातून माशीचा फोटो काढून दाखवला. मालकानं तो उलटासुलटा पाहिला, गर्दीत फिरवला, आणि म्हणाला, "ह्यो किडा लई देखणा हाय. घ्या अजून चार केस." फोटो मात्र परत दिला नाही.

धंद्याचं काय, असं कुणी विचारेल. धंदा चालायचा म्हणण्यापेक्षा थांबून राहायचा. क्लासेसचं वारं सुटलं तशी गावोगावची पोरं लातुरात यायला लागली, प्रत्येकाला फॉर्मवर फोटो लागे. दुसरे स्टुडिओवाले पाच मिनिटांत पोरगं मोकळं करत. साडू त्याला खिडकीशी बसवून गालावर उजेड कसा येतो ते बघत बसत. एका पोराचा फॉर्म कॉलेजातून परत आला, 'चेहरा ओळखू येत नाही' म्हणून. अर्धा चेहरा काळोखात होता. "पण उरलेला अर्धा काय आलाय बघा," साडू म्हणाले.

इकडं गल्लीतल्या घराघरात विद्यार्थी राहायला आले. अक्कांनी पुष्कळ दिवस तोंड आवरलं. मग एके दिवशी हातगाड्यावरून तीन लोखंडी खाटा आणून हॉलमध्ये उतरवल्या. आम्ही त्या दिवशी तिथंच होतो.

"लोकांनी गोठा सारवून पोरी ठेवल्यात," अक्का म्हणाल्या, "आन् आपल्यात माश्यांना खोली. पोरींना आत ठेवायचंय मला. ह्या वयात पोटाला काही नको का?"

साडूंचा चेहरा इतका उतरला, की अक्काच जरा नरमल्या.

"बरं, एक सांगा. तुमच्या माशीला आजपोत्तर एक तरी मासा फसलाय का? एकानं जरी तोंड लावलं, तर खोली तुमची. न्हाई लावलं, तर सोमवारी खाटा आत."

साडूंनी मान डोलावली. मला वाईट वाटलं, कारण ती खोली गेली तर हा माणूस दिवसभर कुठं बसेल, हे मला सुचेना.

रविवारी सकाळी आम्ही चौघं रेणापूरकडच्या एका तलावावर गेलो. साडूंनी गळाचं टोक कानशीनं घासून बोथट केलं होतं. माशाला इजा नको. दोरा डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेला, उजव्या हातात कॅमेरा. बैलाच्या केसाची माशी पाण्यावर तरंगत राहिली. दहा वाजले, बारा वाजले, दशम्या खाऊन झाल्या, माझ्या बायकोला तर झोप लागली. मासे दुसरीकडं उड्या मारत होते, माशीकडं ढुंकून बघत नव्हते. अडीचच्या सुमाराला ढग आला तसे साडू पिशवीतलं झाकण काढायला मागं वळले, आणि अक्का म्हणाल्या, "लावलं. लावलं तोंड. मी पाह्यलं."

साडू गर्रकन वळले. मी पाण्याकडंच बघत होतो. पाणी हललं नव्हतं.

"पाव्हण्यांनी बी पाह्यलं," अक्का माझ्याकडं बघत म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

खाटा हॉलमध्येच राहिल्या. जूनमध्ये तिथंच तीन पोरी आल्या, आणि अक्कांचा हॉल गेला. मग दरवर्षी नव्या पोरी. अक्का स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकून निजायच्या, तिथंच पोथी वाचायच्या, आलेल्या बाईला तिथंच पाटावर बसवायच्या. कुरकुरल्या नाहीत. साडू खोलीत माश्यांवर उजेड टाकत राहिले. त्यांना फसवण्यात मीही सामील होतो, म्हणून मला तिकडं गेलं की थोडी लाज आणि बरंचसं समाधान वाटायचं.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. परवा लातूरला गेलो तर पोरी आतल्या, माश्यांच्या खोलीत होत्या आणि हॉल झाडून लख्ख केलेला. साडू एकटेच खुर्चीवर बसले होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मासा तोंड लावतो ना, तर पाण्याच्या आधी बोटाला कळतं. दोरा माझ्या बोटाला होता त्या दिवशी."

मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं.

"खोली लई हवी होती हो मला," ते म्हणाले. "म्हणून गप बसलो. आता तिचा हॉल मोकळा करून दिला."

मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. हॉलमध्ये आणखी चार-पाच माणसं सहज बसली असती.