मी लिहिलेला वारा

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, ती लांबलचक तार जोरात गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. तार सुटली की पुढं फक्त वैमानिक आणि हवा. उडायचं वाऱ्याला तोंड देऊन आणि उतरायचंही तसंच. हा पहिला धडा मी पंचवीस वर्षं शिकवला.

गंगापूरच्या बाजूला आमच्या क्लबचं मैदान होतं. तिथं तरुण वैमानिकांची कौशल्य स्पर्धा ठेवली होती, पाहुणे म्हणून बोलावलेल्या साहेबांसाठी कडेला मंडप आणि जेवण होतं, आणि परीक्षक मीच होतो. जमिनीवर चुन्याची आडवी रेघ मारलेली. चाक रेघेच्या जितकं जवळ टेकेल तितके गुण. पाच मुलं होती आणि बजाजनगरची एक मुलगी. तिचे वडील वाळूजच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर कामाला. सहा जणांत तिचा हात सगळ्यांत साफ होता.

तिची पाळी शेवटची. मुलं चिडवत होती, "रेघेवर उतर गं, मंडपात नको. भाजी अजून शिजायचीय."

"तुझ्यासारखी शेजारच्या रानात उतरले तर भेंड्या घेऊन येईन," ती म्हणाली आणि पट्टे आवळून बसली.

तोवर वारा फिरला होता. सकाळपासून समोरून येत होता, तो आता पाठीमागून यायला लागला. अशा वेळी विंच या टोकाला आणायची, तार उलटी ओढायची आणि मग उडवायचं. त्याला तासभर लागतो. पाहुणे घड्याळ बघत होते. क्लबचे सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "साहेब निघतायत. एकच राहिलंय, उरकून घ्या."

तिनं डोक्यावरची काच लावण्याआधी विचारलं, "सर, वारा फिरला ना? बाजू बदलायची का?"

"एवढ्यानं काही होत नाही. जा."

तिनं खांबावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि अंगठा दाखवला. शिकणाऱ्यानं मला दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही शिस्त मीच लावली होती.

उतरताना ग्लायडर रेघेवरून नुसतंच तरंगत गेलं. पाठीमागचा वारा त्याला खाली बसू देत नव्हता. चाक टेकलं ते फार पुढं, आणि समोर विंच. विंचवर माणूस होता. त्याला वाचवायला तिनं ग्लायडर वळवलं. पंख जमिनीला लागला, ग्लायडर गर्रकन फिरलं आणि बांधावर आदळलं.

तिच्या कमरेचा मणका मोडला. आठ महिने ती अंथरुणावर होती.

त्याच संध्याकाळी मी अहवालाचा कागद भरला. वाऱ्याच्या रकान्यात 'शांत' लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैमानिकाचा वेगावर ताबा राहिला नाही.' सेक्रेटरींनी न वाचताच सही केली. तिला पुन्हा कुणी उडू दिलं नाही. दवाखान्यात मी एकदाच गेलो, तेव्हा ती झोपली होती. तेवढ्यावर मी सुटल्यासारखा परत आलो.

मागच्या हिवाळ्यात, कितीतरी वर्षांनी, औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात तिनंच मला ओळखलं. एका बाजूला झुकून चालत होती. सोबत तिच्या शिकवणीची एक विद्यार्थिनी होती. तिला म्हणाली, "हे माझे सर. माझ्या चुकीनं यांचं ग्लायडर मोडलं."

 मी मेथीची जुडी हातात तशीच धरून उभा राहिलो. आठवड्यानं पत्ता काढून बजाजनगरला गेलो आणि तिला सगळं सांगितलं.

 ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर बघितलं होतं. इतकी वर्षं मला वाटत आलं, पिशवी बघण्यातच मी चुकले." मग म्हणाली, "बाबांनाही सांगा. मोठ्यानं बोला, प्रेसनं त्यांचे कान गेलेत."

वडील बाहेर येऊन बसले. मी सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडावंच लागलं. "वारा फिरला होता. तिनं विचारलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती." समोरच्या ओट्यावर गहू निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"पोरीचं बरोबर होतं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होतं."

"व्हय?" त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. "हिला बघायला पाहुणे यायचे, तवा मी आधीच सांगायचो. पोरीला घाई लई, म्हणून पडली. म्हटलं, लपवायला नको."

"बाबा, असू द्या," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सर, हे लिहून द्या. नावं कुणाचीच नकोत. काय झालं तेवढं लिहा."

क्लब केव्हाच बंद पडलाय. अहवालाचे कागद कुणाकडं असतील, मला माहीत नाही. मी विचारलं, "लिहून कुणाला देऊ?"

"ते तुम्ही बघा," ती म्हणाली आणि वडिलांना हाताला धरून आत घेऊन गेली.